पाण्यावरची गाडी आणि थर्ड पार्टी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घरात कुणी गोष्ट मागितली की मला आधी आठवते ती यावल तालुक्यातली वॉटर स्कूटर.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याची प्रभारी अधिकारी. वय पन्नाशीकडे झुकलेलं, ऐट मात्र पंचविशीची. ठाण्यातसुद्धा गॉगल लावून बसायचे. समोरचा नीट दिसायचा नाही, पण रुबाब पडायचा.

एका सकाळी हजेरी चालू असताना धरणावर बोटिंग चालवणारा तरुण धापा टाकत आला. रात्रीतून त्याची वॉटर स्कूटर चोरीला गेली होती. ठाणे अंमलदारांनी फिर्याद लिहून घेतली आणि मी जाहीर करून टाकलं, "आंतरराज्य टोळी!" मध्य प्रदेशची हद्द जवळ, म्हणून नाकाबंदी लावली. पेपरात फोटो येईल म्हणून नवा गणवेश इस्त्रीलाही दिला.

आमच्या जुन्या हवालदारांना सगळे नाना म्हणत. ते बशीत चहा ओतत म्हणाले, "मॅडम, पाण्यावरची गाडी नेऊन टोळी सातपुड्यात काय करेल?"

"नाना, तपास मी करतेय."

"करा की. मी चहा पितोय."

तो तरुण रोज यायचा. चोरीला गेलेली मोटारसायकल असो की म्हैस, मालक आल्या आल्या 'सापडली का?' असं विचारतो. हा विचारायचा, "धरणात काही मिळालं का, मॅडम?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी गॉगल काढला.

त्याच दुपारी केळीच्या बागेत काम करणाऱ्या एका बाईचा फोन आला. "बाई, शेजारना वावरमा ट्रॉली गई, वर केळीनी पानं झाकेल. माल त वावरमाईन बाहेर येस ना? हाई उलटं कसं?"

ते शेत निघालं फिर्यादीच्या मामाचं. पंचांना घेऊन गेलो. पानांच्या ढिगाखाली स्कूटर होती. पुढचा भाग फुटलेला, आणि खाली पाणी ओढणाऱ्या तोंडात मासेमारीच्या जाळ्याचे धागे पिळून बसलेले. जाळं इथे आहे, मग जाळंवाला कुठे?

तरुणाला समोर बसवलं. दमदाटी केली नाही, पाणी दिलं आणि विचारलं, "गाडीचा विमा कोणता घेतलास?"

"चोरीचा आणि आगीचा."

"आणि दुसऱ्याला धडक बसली तर?"

"एजंटनं विचारलं होतं. मी म्हटलं, आपल्या धरणात कोण धडकणार, म्हशी? थर्ड पार्टी कशाला हवी?" एवढं बोलला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

मावळतीला एकटाच फेरी मारताना, सूर्य डोळ्यांवर असताना, हवा भरलेल्या ट्यूबवर बसून मासे धरणारा एक म्हातारा त्याला दिसलाच नाही. धडकेनं ट्यूब उलटली. यानं हाका मारल्या, फेऱ्या घातल्या. अंधार पडला, माणूस सापडला नाही.

"चोरीचा विमा होताच, मॅडम. चोरी दाखवली की धडकही चोराच्या नावावर जाईल, असं वाटलं. पण ते आबा... मी रोज काठावर जाऊन बघतो."

पट्टीचे पोहणारे धरणात उतरवले. तळ चाचपायचा लोखंडी गळ पाण्यात गेला की मी नजर वळवायचे, रिकामा वर आला की पुन्हा पाहायचे. टोळी, फोटो, इस्त्री, काही आठवत नव्हतं. म्हातारा तेवढा जिवंत असू दे, असं पुटपुटत ठाण्यावर परतले, तर आत आरडाओरडा.

हात गळ्यात बांधलेला एक म्हातारा ठाणे अंमलदारांवर डाफरत होता, "मन्हं जाळं फाडी टाकं! कोठे शे तो फटफटीवाला?"

नाना माझ्या कानाशी आले. "मॅडम, थर्ड पार्टी आली."

आबा ट्यूबला धरून पलीकडच्या काठाला लागले होते. रस्त्यावरच्या एकानं त्यांना मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. घरी एकटेच, म्हणून तिथून ते लेकीकडे अमळनेरला गेले. आणि आम्ही इकडे धरण उपसत होतो!

तरुणानं त्यांना पाहिलं आणि मिठीच मारली. "आबा, तुम्ही जिवंत!"

"मंग काय मरू? दूर व्हय, हात दुखस! आधी जाळं दे."

सगळं ठाणं हसलं. मी गॉगल चढवला. त्या दिवशी त्याचा पहिल्यांदा खरा उपयोग झाला.

खोटी फिर्याद आणि निष्काळजीपणा, दोन्हीची कारवाई झाली, ती टळणार नव्हतीच. पण विमा कंपनीकडे दावा गेला नव्हता, तेवढं एक कलम वाचलं. आबांचं औषधपाणी त्या तरुणानं बिनबोभाट केलं, नवं जाळंही आणून दिलं.

मी एवढंच शिकले, की घाबरलेला माणूस जे दार उघडं दिसेल त्यातून पळतो. याच्याजवळ चोरीचंच दार उघडं होतं.

परवा पुतण्या माहितीपत्रकं पसरून बसला होता. धुळ्याकडच्या एका तलावावर त्याला अशीच गाडी आणायची आहे. "अक्का, चोरी, आग, वादळ... काय काय घेऊ?"

"पहिला विमा समोरून येणाऱ्या माणसाचा. मग मागे बसणाऱ्याचा आणि तुझा. गाडीचा सगळ्यात शेवटी."

तो हसला. "अक्का, आपल्या तलावात समोरून कोण येणार?"

मी म्हटलं, "बस बाबा. चहा टाकते. तुला एका आबांची गोष्ट सांगते."