हंड्यावरचं नाव

माझा पहिला छापून आलेला लेख उन्हाळ्यात घर गार कसं ठेवावं यावर होता. वाळ्याचे पडदे लावा, त्यांवर अधूनमधून पाणी मारत राहा, संध्याकाळी अंगणात सडा घाला, असं मी त्यात ठोकून दिलं होतं. लिहिलं कुठं बसून, तर तेव्हाच्या उस्मानाबादला, रिकाम्या पिंपाला पाठ टेकून, टँकरची वाट बघत. वाळ्याचा पडदा मी तोवर एका सरकारी बंगल्याच्या खिडकीला लांबून पाहिला होता. साप्ताहिक पुण्याचं, वाचणाऱ्या बायका पुण्याच्या आणि सल्ला देणारी दुष्काळातली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

नवरा सहकारी सोसायटीत कारकून होता. त्याच्या ऑफिसातून पाठकोरे कागद यायचे, त्यांवर मी लिहायची. पापडाला कीड लागू नये म्हणून काय करावं, जुन्या साडीच्या गोधडीला किनार कशी लावावी, बैठकीच्या खोलीत पितळी समई कुठल्या कोपऱ्यात शोभते. आमच्या बैठकीच्या खोलीत ज्वारीचं पोतं होतं, तेही अर्धं. पण मला लिहायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. शोभेच्या घरात घटकाभर राहून आल्यासारखं वाटायचं.

मग संपादकांनी जुन्या भांड्यांवर लेखमाला मागितली. शहरात तेव्हा स्टीलनं घरं भरली होती आणि तांब्यापितळेची फॅशन नव्यानं येत होती. मी घंगाळावर लिहिलं, पानाच्या डब्यावर लिहिलं, आणि एक लेख भांड्यांवर घातलेल्या नावांवर लिहिला. लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घ्यायची आपली रीत. तो लेख लिहिताना आईचा हंडा डोळ्यांपुढं आला आणि काही केल्या हलेना.

आई मी लहान असताना गेली. तिचा चेहरा मला नीट आठवत नाही, फोटो नाही, शाळेचा दाखला नाही, कारण शाळाच नाही. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं होतं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. नवं नाव मला ठाऊक आहे, पण ते तिला दिलेलं होतं. ज्या नावानं ती लहानपणी हाकेला ओ देत असेल, ते मला ठाऊक नव्हतं. ती आईबापाविना आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला मामाकडं वाढली. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं आणि ती दोघंही माझ्या लग्नाआधीच गेली. विचारायला कुणी उरलं नव्हतं. उरला होता तो मामांनी लग्नात दिलेला तांब्याचा हंडा.

तो परंड्याजवळच्या आमच्या गावी वडिलांकडं होता. वडील गवंडी होते, अक्षरशत्रू, पण दगडाला ओळंबा लावला तर केसभर चुकायचे नाहीत. हंडा अंघोळीचं पाणी तापवायला चुलीवर असायचा. बाहेरून बोटभर काजळी. ती काजळी काढायची नाही, काळा हंडा लवकर तापतो, असं वडिलांचं म्हणणं. नाव होतं त्या काजळीच्या खाली.

त्या दिवाळीला मी गावी गेले ती पिशवीत चिंच आणि मीठ घेऊनच. माझ्याच लेखातली युक्ती: चिंचेचा कोळ, मीठ, थोडी राख, आणि तांबं लख्ख. वडिलांनी पिशवी बघितली.

“हे कशाला गं आणलंस?”

“आण्णा, हंडा घासते. आईचं नाव वाचायचंय मला.”

त्यांनी चिंच हातावर घेऊन तोलून बघितली. मग म्हणाले, “चिंच लावल्यावर धुयाला घागरभर पानी लागंल. हिरीत चिखल हाय नुस्ता. पाऊस पडू दे, मग घास की निवांत.”

“तुम्हाला आठवतंय का ते नाव?”

“लग्नात कानावर आलं आसंल. पुन्हा कुनी घेतलंच न्हाय.”

त्यांनी स्वतःही आईला कधी कुठल्याच नावानं हाक मारली नसणार. “ऐकलं का” एवढ्यावर सगळा संसार झाला. मला त्यांचा राग आला. घागरभर पाण्याचाही राग आला. पण गावात बायका टँकरमागं धावताना मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. त्यांच्यादेखत हंडा चकचकीत करत बसायला माझं तोंड नव्हतं. चिंच आमटीत गेली आणि मी परत आले.

अवकाळी पाऊसही आला नाही. बांधकाम पाण्याशिवाय होत नाही, म्हणून वडिलांच्या हाताला काम नव्हतं. ते दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. उन्हाळ्यात मी पुन्हा गेले तेव्हा चुलीवर पत्र्याचा डबा होता.

“हंडा कुठंय?”

“मोडीत घातला. ज्वारी आनली.”

एवढंच म्हणाले. मी रडले नाही, मी भांडले. माझ्याकडं निरोप का धाडला नाही, मी ज्वारी दिली नसती का, असं बरंच काही. लेकीच्या घरचं खायचं का, असं त्यांनी विचारलं. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “तसाच न्हाय दिला म्या. इटकरीनं काजळी खरवडली. आंगठ्याला ठिपकं लागलं. नाव ठोकून काढलं आन् मगच दिला.”

ही आमच्याकडची रीत. नाव घातलेलं भांडं तसंच मोडीत घालत नाहीत. आधी नावावर हातोडी मारायची. आपल्या माणसाचं नाव परक्याच्या ढिगात पडू नये, कुणाच्या पायाखाली येऊ नये. मी माझ्या लेखात ही रीत मोठ्या कौतुकानं लिहिली होती आणि पुण्याच्या बायकांना ती फार आवडली होती. तशी पत्रं आली होती.

दुसऱ्या दिवशी मी परंड्याला कासाराच्या दुकानात गेले. मागच्या खोलीत भांड्यांचा ढीग छताला लागला होता. घागरी, पराती, तांबे, सगळ्यांच्या पोटावर हातोडीचे घाव. अख्खा तालुका तिथं बिननावाचा होऊन पडला होता. लेखासाठी मी अशा ढिगासमोर उभी राहिले असते तर दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी मी एकेक भांडं उलटवून बघू लागले. कासारानं घाई केली नाही. हंडा मीच ओळखला, त्याचा एक कान तुटल्यावर डाग देऊन जोडलेला होता त्यावरून. मी उस्मानाबादहून माझी लग्नातली पितळी कळशी आणून तिथं ठेवली आणि हंडा उचलला.

पावसाळ्यात चार सरी बऱ्या पडल्या तेव्हा उस्मानाबादला, मोरीत बसून, मी तो घासला. चिंच, मीठ, राख. तांबं उजळत गेलं तशी गळ्याखाली ठिपक्यांची ओळ दिसू लागली. ओळीच्या सुरुवातीला होतं: चि. सौ. कां. मग तळहाताएवढा खोलगट डाग. आणि डागाच्या पुढं: हिस मामाकडून सप्रेम भेट.

नाव घालणाऱ्यानं नाव तेवढं मोठ्या अक्षरांत घातलं असणार. वडिलांच्या अंगठ्याला ते मोठं लागलं आणि त्यांनी तेवढंच ठोकलं. गवंड्याचा हात. आजूबाजूचा एक ठिपकाही दुखावला नव्हता. मी तो डाग उजेडात धरला, आडवा धरला, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. एक काना सापडला असं वाटलं, पण तो हातोडीचा ओरखडा होता.

पुढं साप्ताहिकाचा फोटोग्राफर आला होता. त्यानं हंड्यात सुकी कणसं खोचून फोटो काढला, डाग भिंतीकडं करून. नवीन साखर कारखान्यातल्या साहेबांच्या बायका त्यानंतर माझ्याकडं सल्ला विचारायला यायच्या आणि हंड्याकडं बघून 'तांबटाकडून पोचा काढून घ्या ना' म्हणायच्या. मी हसायची आणि चहा टाकायची. लेख लिहितच राहिले. घर कसं सजवावं हे सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातला एकही लेख लिहिताना तो डाग माझ्या मनातून गेला नाही.

थकल्यावर वडील माझ्याकडं राहायला आले. लेकीच्या घरचं खायला अखेर तयार झाले, कारण हात उचलत नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू. हंडा मी कसा परत आणला हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. एका दुपारी भिंत चाचपत येताना त्यांचा हात हंड्यावर पडला. ते थांबले. कानाला दिलेला डाग त्यांनी ओळखला, आणि मग अंगठा गळ्याखालच्या ओळीवरून हळूहळू सरकू लागला. ठिपके, खोलगा, पुन्हा ठिपके.

“ह्यो आपला हाय,” ते म्हणाले.

“व्हय, आण्णा.”

“मग वाच की. काय ऱ्हायलंय?”

मी वाचलं. चि. सौ. कां., आणि थांबले, मग हिस मामाकडून सप्रेम भेट. त्यांचा अंगठा खोलग्यातच होता. इतक्या वर्षांचा राग मी आता बोलून टाकणार होते. त्यांनी दुधाळ डोळे माझ्याकडं वळवले. चेहऱ्यावर काळजी होती, काम दुसऱ्याकडून तपासून घेताना गवंड्याच्या चेहऱ्यावर असते तशी.

“नाव नीट गेलंय ना, बाय? कुनाला वाचता यायचं न्हाय ना तिचं?”

“नीट गेलंय, आण्णा,” मी म्हणाले. “कुणालाच वाचता येत नाही.”