मायसाठी बाभळीची कमान

मायला आडवं झोपता येईना, तेव्हाची ही गोष्ट. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदयाची झडप निकामी झाली आहे, छातीत पाणी साठतं, डोकं आणि पाठ उंच ठेवूनच निजवा. खाटेवर उशा, वाकळा, ज्वारीचं पोतं, सगळं रचून पाहिलं. जरा डोळा लागला की ती खाली घसरायची आणि धापा टाकत उठून बसायची.

झोळीत बरं वाटेल, असं तिलाच वाटलं. पण साखरा गावातलं आमचं घर पत्र्याचं. वरच्या पाइपाला झोळी बांधली, तर मायचं एवढंसं वजन पडताच पाइप वाकला आणि सगळे पत्रे करकरले. लगेच सोडावी लागली.

मी तेव्हा सेनगाव-हिंगोली रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचो. एकदा हिंगोलीत एका साहेबांना बंगल्यावर सोडलं, तर अंगणात लाकडी कमानीवर टांगलेली झोळी दिसली. कमान उताण्या चंद्रकोरीसारखी. पोट जमिनीला, दोन्ही टोकं वर, आणि टोकांच्या मधे झोळी. तिला भिंत लागत नव्हती की छत. घरी येऊन मी दाराच्या पत्र्यावर खडूनं तिचं चित्र काढून बाला दाखवलं.

बा मेंढरं राखायचा, थोडी कोरडवाहू शेती करायचा. तो आणि माय कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न बानं मायच्या मनाविरुद्ध आपल्या नात्यात लावून दिलं होतं. पोरगी पहिल्याच बाळंतपणात गेली. सासरच्यांनी दवाखान्यात न्यायला फार उशीर केला होता. तिची माती करून आम्ही परत आलो, आणि मायनं बाशी बोलणं टाकलं. तो समोर बसलेला असताना ती मला म्हणायची, "तुह्या बापाला सांग, भाकर झाली." बाही मग माझ्याच तोंडून बोलू लागला.

बानं खडूचं चित्र बराच वेळ पाहिलं. "एवढी वाकडी फांदी कुठं भेटंन?" मग स्वतःच म्हणाला, "वढ्याकाठच्या बाभळी पाहू."

मेंढरं चारताना तो झाडांकडं वर बघत फिरायचा. अखेर सारख्या बाकाच्या दोन जाड फांद्या सापडल्या. कीड लागू नये म्हणून त्या ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवल्या. पुढं साल काढून, सुकवून, गावच्या सुतारानं आणि बानं मिळून त्या वाकसानं तासल्या, खाचा पाडून एकमेकींत बसवल्या, वर लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट आवळले. खाली आडवे पाय लावले. झोळी टांगून तीत पोतं टाकून पाहिलं, तर कमान कलंडली. बानं ते पाय काढून नवे लांब पाय तासून बसवले. मग तो स्वतः झोळीत बसला, मलाही वर बसवलं. लाकूड हललं नाही.

मायला उचलून झोळीत ठेवलं. बा डोक्याकडची दोरी धरून उभा होता.

"तुह्या मायला इचार, अजून वर पाहिजे का."

मी मायकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. सरळ बाच्या तोंडाकडं बघत होती.

"म्या नको म्हणलं होतं," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नाच्या वक्ताला. तुमी ऐकलं न्हाई."

बाचे हात दोरीवर थांबले.

"व्हय," तो म्हणाला. "न्हाई ऐकलं."

त्यानं गाठ पक्की केली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तोंडावर पटक्याचं टोक धरलेलं होतं. माय त्या दुपारी दिवेलागणीपर्यंत झोपली. बा गल्लीतल्या पोरांना हातानंच लांब सारत राहिला.

त्यानंतर दोघं बोलू लागली, पण त्यात गोडवा नव्हता. पाणी, गोळी, व्यालेली शेळी. आणि मधेच माय बहिणीचं विचारायची. "तुमी पोचले तवा तिचं अंग ऊन होतं का?" बा सांगायचा, "जरासं होतं." ती पुन्हा काही दिवसांनी तेच विचारायची. तो पुन्हा तेच सांगायचा. मी जीप पुसायच्या निमित्तानं बाहेर पडायचो. ते ऐकणं मला जमायचं नाही.

पोळ्याच्या आधी माय झोळीतच गेली. सकाळी उचललं तेव्हा अंग वाकलेलंच राहिलं होतं. बायकांनी गुडघे दाबून सरळ केलं. बाला ते बघवलं नाही, तो मेंढरांच्या वाड्यात जाऊन उभा राहिला.

पुढं शेजारच्या बाईनं लेकरासाठी कमान मागितली. बा म्हणाला, "घेऊन जा." चौघांना उचलून न्यावी लागली. ती परत आली नाही आणि आम्हीही मागितली नाही.

बा फार बोलत नव्हताच, नंतर आणखी कमी बोलू लागला. मी जीप काढली की तेवढं विचारायचा, "कवा येशीन?" मी वेळ सांगायचो. उशीर झाला तर तो फाट्यावर येऊन उभा असायचा, आणि जीप दिसली की घराकडं चालू लागायचा.