आईबापांची शाळा

शाळेचा इतका तिटकारा असलेली आणि तरीही इतकी कडक शाळा चालवणारी बाई अख्ख्या बुंदेलखंडात दुसरी सापडायची नाही. ही बाई म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको, आमच्या वहिनी. आपली दोन्ही मुलं त्यांनी शाळेत न घालता घरीच शिकवून मोठी केली, आणि गेली तीन-चार वर्षं त्या इतरांना घरी शिकवायला शिकवतात. मुलांना नव्हे, आईबापांना. दर रविवारी सकाळी आठ वाजता झाशीच्या सदर बाजारच्या मागच्या अंगाला असलेल्या त्यांच्या घराच्या ओसरीत आईबाप जमतात, हजेरी होते, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी जो येईल त्याने पायरीवर उभं राहायचं. बबिना छावणीतले एक मेजरसाहेब एकदा असे पाऊण तास उभे होते. त्यांनी रेल्वेचा गेटमन फाटक उघडत नव्हता म्हणून उशीर झाल्याचं सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "फाटक आपका बंद था, हमारा तो आठ बजे तक खुला था." बाईंचं हिंदी कऱ्हाडचं असलं तरी हुकमाला व्याकरण लागत नाही. साहेब पुढच्या रविवारी साडेसातलाच हजर होते.

याच वहिनींवर गेल्या चैत्रात मोठा बाका प्रसंग आला. त्यांच्या सख्ख्या नातीने, सहा वर्षांच्या ओवीने, मला शाळेत घाला म्हणून हट्ट धरला. पंधरा-वीस घरं ज्यांच्या भरवशावर पोरांना घरी ठेवून बसली आहेत त्यांच्याच घरातून पाठीवर दप्तर लावून पोरगी निघाली, तर वहिनींच्या शब्दाला काय किंमत राहणार? पण ते सांगायच्या आधी या शाळेचा पाया कोणी घातला ते सांगायला हवं, कारण तो मी घातला. मी जन्मभर एका इंटर कॉलेजात, म्हणजे इकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, गणिताचा मास्तर होतो. वहिनी प्रत्येक नव्या कुटुंबाला माझी ओळख मोठ्या आदराने करून देतात, "ये हमारे भावजी. इनके कारण हमारे बच्चे पढ़े." नवे लोक वाकून नमस्कार करतात. जुने लोक खाली बघून हसतात, कारण त्यांना खरी गोष्ट माहीत असते.

खरी गोष्ट अशी की दादा, म्हणजे माझे हे चुलतभाऊ, रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि त्यांची उमेदीची वर्षं आडरानातल्या एका छोट्या स्टेशनावर गेली. तिथे प्लॅटफॉर्म होता, चिंचेचं झाड होतं आणि शाळा नव्हती. वहिनींनी मुलांना मालगाडीचे डबे मोजायला लावून अंक शिकवले, डब्यांवरच्या अक्षरांवरून वाचन शिकवलं आणि तारेवर बसणाऱ्या पाखरांवरून बाकी सगळं. पुढे दादांची झाशीला बदली झाली तेव्हा थोरला सुहास दहा वर्षांचा होता. वहिनी स्वतः त्याचा हात धरून आमच्या कॉलेजात प्रवेश परीक्षेला घेऊन आल्या. त्यांना शाळेचं वावडं तेव्हा मुळीच नव्हतं. पेपर मी काढला होता. एक गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने सकाळी आठ वाजता सुटली, तर एकशे ऐंशी किलोमीटरवरच्या स्टेशनात किती वाजता पोचेल? सुहासने लिहिलं होतं, "बता नहीं सकते. सिंगल लाइन है. सामने से मेल आ रही होगी तो अपनी गाड़ी बगल की लूप में खड़ी रहेगी. पहले क्रॉसिंग बताओ." मी शून्य दिलं. नात्यातला मुलगा म्हणून जरा जास्तच ठळक दिलं.

वहिनी पेपर घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "उत्तर चुकलंय का, भावजी?" मी म्हटलं, पुस्तकात अकरा वाजता आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही जन्मात कधी अकराची गाडी अकराला पोचलेली पाहिलीत?" मी पाहिली नव्हती. झाशीचा माणूस असं खोटं बोलूही शकत नाही. वहिनींनी पेपराची नीट घडी घातली, पदराशी धरली आणि पोराला घेऊन ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने निघून गेल्या. दोन्ही मुलांनी पुढे दहावी-बारावी बाहेरून दिली, दोघं छान पास झाली. सुहास आज सर्व्हेअर आहे, जमिनी मोजतो, आणि त्याची मोजणी कोर्टातही टिकते.

मुलं शिकून, संसाराला लागून हातावेगळी झाली तशा वहिनी बेचैन झाल्या. निवृत्त होऊन घरी बसलेल्या दादांना त्यांनी शिकवून पाहिलं, पण दादा तिसऱ्याच दिवशी गुरसरायच्या एका लग्नाला गेले आणि लग्न संपल्यावरही चार दिवस तिथेच राहिले. त्याच सुमाराला बाजारात भाजी निवडताना त्यांची सुनीताशी गाठ पडली. सुनीता साताऱ्याकडची, नवरा लष्करात हवालदार, बबिनाला नुकतीच बदली झालेली. तिच्या पोराची पाच वर्षांत चौथी शाळा चालू होती आणि कुठल्या वहीत कुठली भाषा लिहायची हे त्याला कळेनासं झालं होतं. "काकू, तुम्ही शिकवाल का त्याला?" असं तिने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "त्याला नको पाठवूस. तू ये." त्या रविवारी सुनीता एकटी आली आणि पालकांच्या शाळेचा पहिला वर्ग भरला.

या शाळेतला पहिला धडा ऐकून निम्मे लोक परत जातात. पहिले तीन महिने मुलांची पुस्तकं कपाटात, किल्ली वहिनींकडे. त्या तीन महिन्यांत आईने किंवा बापाने स्वतःला अजिबात न येणारी एक गोष्ट शिकायची, तीही मुलांच्या डोळ्यांदेखत. चुकायचं, पडायचं, हसं करून घ्यायचं. वहिनींचं म्हणणं असं की आपल्या बापाला काही येत नाही हे ज्या पोराने पाहिलं, त्याची शिकण्याची भीती अर्धी कमी होते. कापडाचे व्यापारी अग्रवालजी हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत कधी सायकलवर बसले नव्हते. वहिनींनी त्यांना सायकल दिली. अग्रवालजी आपल्याच दुकानापुढे, आपल्याच गिऱ्हाइकांच्या साक्षीने तीनदा आडवे झाले, आणि पाढ्यांच्या नावाने ताप आणणारा त्यांचा मुलगा सीट धरून मागे पळत ओरडत होता, "पापा, सामने देखो, नीचे मत देखो." संध्याकाळी फोनवरच्या पालकांच्या ग्रुपमध्ये अग्रवालजींच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्याचा फोटो आला. खाली वहिनींनी लिहिलं, "प्रगति अच्छी है."

मी या सगळ्याची टिंगल करायला एका रविवारी गेलो आणि लोकरीचा मोजा विणायचा गृहपाठ घेऊन परत आलो. "भावजी, पस्तीस वर्षं शिकवलंत, आता थोडं शिका," एवढंच त्या म्हणाल्या. ज्याने हजारो पोरांना अपूर्णांक शिकवले त्याला चाळीस टाके मोजता येत नाहीत हे त्या मोज्याने जाहीर केलं. दर ओळीला माझे टाके वाढायचे. ओवी माझ्या मांडीशी बसून बोटाने टाके मोजायची आणि गंभीरपणे सांगायची, "छोटे आजोबा, फिर से बढ़ गए." मोजा शेवटी झाला, पण तो कोणाच्या पायाचा हे ठरायचं आहे.

दुसरा नियम असा की मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, त्याला ते बघायला न्यायचं किंवा आपण बघून यायचं. बघून यायचं काम बहुतेक दादांकडे असतं. ओवीने एकदा विचारलं की एका ऑटोत जास्तीत जास्त किती माणसं मावतात. दादा वही-पेन्सिल घेऊन इलाइट चौराह्यावर दोन तास उभे राहिले. वाहतुकीच्या हवालदाराला वाटलं, वरून कोणीतरी तपासणीला आलंय. त्याने अदबीने विचारलं, "बाबूजी, कौन विभाग से?" दादा म्हणाले, "पोती ने पूछा है." हवालदाराने त्यांना खुर्ची आणून दिली आणि शेवटी शेवटी तोही मोजू लागला. आकडा चौदा निघाला, त्यात ड्रायव्हर धरलेला नाही.

तिसरा नियम मात्र सगळ्यांत मोठा, वहिनींनी तो स्वतःच्या अक्षरात लिहून ओसरीत लावला आहे. मूल सांगेल ते आधी ऐकायचं. सुनीताचा नवरा तीनदा म्हणाला की पोराला होस्टेलात टाकू, तीनदा वहिनींनी त्याला त्या कागदासमोर उभं केलं आणि पोराला विचारायला लावलं. पोरगं नाही म्हणालं, विषय संपला. हाच कागद ओवीने वाचला. तिला वाचायला वहिनींनीच शिकवलं होतं, दोष दुसऱ्या कोणाचा नाही. कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, "आजी, मी सांगते. मला पिंकीच्या स्कूलमध्ये जायचंय." पिंकी ही शेजारची मुलगी. तिला टाय होता, टिफिन होता, आणि तिच्याकडे एका दुष्ट मॅडमच्या रोज नव्या गोष्टी होत्या.

सुहास आणि सूनबाई, म्हणजे ओवीचे आईबाप, यांनी निर्णय आजीवर सोडला, म्हणजे वहिनींना पळायला वाटच ठेवली नाही. मग वहिनींनी जो गनिमी कावा सुरू केला तो पाहण्यासाठी मी रोज जाऊ लागलो. दादांच्या नोकरीतला टाय कापून छोटा टाय झाला. टिफिन आला. अंगणात ताट टांगून घंटा झाली आणि ती दादा वेळेवर वाजवू लागले. निवृत्तीनंतर इतक्या उत्साहात मी त्यांना पाहिलं नव्हतं. एक दिवस तर वहिनी स्वतः दुष्ट मॅडम झाल्या आणि छडी घेऊन हिंडल्या. ओवीने आठ दिवस सगळं मजेत केलं. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत अंगणाच्या पायरीवर टिफिन उघडून ती एकटीच बसली होती. वहिनींनी विचारलं, आता काय कमी आहे गं? ती म्हणाली, "सब है आजी. पर कोणाला देऊ यातलं?"

त्याच संध्याकाळी वहिनी माझ्याकडे आल्या. पंचवीस वर्षांत त्या कधी कामासाठी माझ्या घरी आल्याचं मला आठवत नाही. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "भावजी, हल्ली प्रवेशाला काय विचारतात?" या क्षणाची मी पंचवीस वर्षं वाट पाहत होतो असं मला वाटायचं. बोलायचं वाक्यसुद्धा तयार होतं. पण वहिनी मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या दिसल्या आणि मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, सहा वर्षांच्या पोरीला काही विचारत नाहीत हो, नाव विचारतात. त्या म्हणाल्या, "लोक म्हणतील, बाईने दुसऱ्यांची पोरं घरी बसवली आणि स्वतःची नात शाळेत घातली." मी म्हटलं, म्हणतील. खोटं कशाला सांगू?

पुढच्या रविवारी त्यांनी हजेरी झाल्यावर उभं राहून ओवीला शाळेत घालणार असल्याचं सगळ्यांना सांगितलं, काही न लपवता. मग सुनीताचा आवाज आला, रडवेला. "काकू, मग आम्ही काय करायचं? मी तर तुमच्याकडे बघून नवऱ्याशी भांडत होते." वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे बघत होतीस, हेच चुकलं बाळा. मीच बघू दिलं. घरी जा, परत एकदा पोराला विचार." अग्रवालजी म्हणाले, "आंटीजी, हम तो आएँगे. हमारा वाला अभी भी घर कहता है." त्याच्या पुढच्या रविवारी तीन घरं आली नाहीत. त्यांत सुनीता होती. तिचा मुलगा या वेळी होस्टेलला हो म्हणाला होता. बाकीची आली, आणि वहिनींनी उशिरा आलेल्या दोघांना पायरीवर उभं केलं, पण पाच मिनिटांत आत घेतलं.

शाळेच्या पहिल्या दिवशी ओवीला सोडायला वहिनी, दादा आणि मी असे तिघं गेलो. सगळीकडे रडारड चालली होती, एक पोरगं तर बापाच्या पायाला मिठी मारून बसलं होतं. पिंकी फाटकात उभी होती. ओवीने वहिनींचा हात सोडला आणि धावत आत गेली. वळून पाहिलं नाही. वर्गाची दारं लागली, पालक पांगले, दादा ऑटो शोधायला गेले. वहिनी तिथेच उभ्या. थोड्या वेळाने फाटकावरचा शिपाई जवळ आला आणि समजुतीने म्हणाला, "माताजी, अब घर जाइए. आपकी बच्ची तो रोई भी नहीं." वहिनींनी पदराने डोळे पुसले. "हाँ भैया," त्या म्हणाल्या, "उसको ऐसा ही सिखाया है."