जेवण झालं का, याचं खरं उत्तर

"ऊटा आयता?" विचारलं की तो जिन्यात थांबायचा, चष्मा पुसायचा आणि सांगायचा, "दीड पोळी, आजी. कालची मेथी संपवली. भात नको वाटला."

आमच्या म्हैसुरात 'जेवण झालं का' हे भेटल्यावर नुसतं विचारायचं असतं. समोरच्यानं "आयतु", म्हणजे झालं, म्हणायचं आणि पुढं जायचं. उपाशी माणूससुद्धा आयतुच म्हणतो, तुम्हीही म्हणत असाल. हा अकोल्याहून आलेला, पन्नाशीकडे झुकलेला, एकटा. माझा वरच्या खोलीतला भाडेकरू. त्याला मी ही रीत सांगितली, तर म्हणाला, "मग विचारता कशाला?"

गल्लीतले लोक त्याला चुकवू लागले. समोरची मंजुळा म्हणाली, "अक्का, त्याच्यात काहीतरी बिघाड आहे. बायको नाही, मित्र नाही."

मी म्हटलं, "तुला नवरा आहे. त्यानं तुझं काय सुधारलं?"

तो फुफ्फुसांचा अभ्यास करायचा. तोही आजारी नव्हे, धडधाकट माणसांच्या फुफ्फुसांचा. मी चौथी शिकलेली. विचारलं, "धडधाकट फुफ्फुसात बघायचं काय?"

"सगळ्यांच्या पेशींत जवळपास तेच लिहिलेलं असतं, आजी. पण एकाच्यात एखादी ओळ मोठ्यानं वाचली जाते, दुसऱ्याच्यात अगदी हळू. तरी दोघेही बरे असतात. बरी माणसं सारखी नसतात."

"आणि अभ्यासाला फुफ्फुसांचे तुकडे देतं कोण?"

"बरेचसे वारलेल्यांचे. अपघातात वगैरे."

"मेलेला, आणि धडधाकट?"

तेव्हा तो हसला. एरवी फारसा हसायचा नाही.

एक दिवस म्हणाला, "आज काही खाल्लं नाही." एका वारलेल्या बाईचा तुकडा बाकीच्यांशी जुळत नव्हता. त्यानं पुन्हा पुन्हा तपासला. आजार नव्हता, तपासण्यात चूक नव्हती. साहेब म्हणत होते, काढून टाक, आकडे नीट दिसतील. त्याच्या नोकरीची मुदत वर्षावर्षानं वाढायची, आणि ते साहेबांच्या हातात होतं.

"मग टाक की काढून," मी म्हटलं. "ती काय विचारायला येणार आहे?"

"येणार नाही, म्हणूनच," तो म्हणाला आणि वर गेला.

त्यानं तुकडा काढला नाही. नोकरी वाढली नाही.

जायच्या सकाळी मी इडल्या दिल्या होत्या. किल्ली द्यायला आला तेव्हा सवयीनं विचारलं. म्हणाला, "तीन इडल्या. एक मधे कच्ची होती." मग बॅग उचलली आणि रिक्षात बसला.

मंजुळानं विचारलं, "अक्का, त्याला नेमकं झालं होतं काय?"

"काही नाही," मी म्हटलं. "बरा होता."

वर आता एक जोडपं राहतं. दोघं गोकुलम भागात कामाला जातात. नीट माणसं आहेत. जिन्यात मी विचारते. "आयतु, अज्जी. तुमचं?" म्हणतात, आणि पायऱ्या चढत राहतात.

मी आयतु म्हणते. आज गॅस पेटवलाच नव्हता.