कुंकू लावलेला स्क्रूड्रायव्हर

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मी आमच्या फॅमिली डॉक्टरांसमोर दोन्ही हात पुढे करून बसलो होतो. हातांना कंप सुटला होता. वय चोपन्न, तेवढं वय कंपाला पुरतं, असं मीच ठरवून टाकलं होतं. बायकोला पत्ता लागू दिला नव्हता. डॉक्टरांनी माझ्या पंजांवर एक कागद ठेवला. कागद हलेना.

"घरी थरथरतात?"

"नाही."

"ऑफिसात?"

"नाही. फक्त गाडीत. साठच्या पुढे गेलो की."

डॉक्टरांनी कागद उचलला. "मग गॅरेजमध्ये जा ना. माझ्याकडे कशाला आलात?"

आमची गाडी जुनी आहे. मुलगा कॉलेजला जाताना तिच्यात बसायला लाजतो; पण सासूबाईंचं तिच्यावाचून चालत नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रिक्षात चढवत नाही, आणि इतर गाड्यांत पाय दुमडावा लागतो. आमच्या गाडीची पुढची सीट मात्र बरोबर त्यांच्या मापाची. त्यामुळे दरवर्षी दिवाळीला त्यांना दिंडोशीहून मुलुंडला आणायचं काम माझ्याकडे आणि गाडीकडे. यंदा डॉक्टरांकडे जाऊन आल्यावरच्या रविवारी त्यांना एकदा फिरवून आणलं, तर हायवेला लागताच त्या म्हणाल्या, "जावयानू, ह्यां काय? पिठाच्या गिरणीत बसल्यासारख्यां वाटतां."

त्यांना घरी सोडल्यावर बायकोने निकाल दिला. "हे बरं होत नाही तोवर आई या गाडीत बसणार नाही. आणि आई आली नाही तर मी दिवाळीला तिकडे जाणार. तुम्ही दोघं बापलेक करा इथे अभ्यंगस्नान."

आता बायकोविना दिवाळी म्हणजे चकली विकतची. मी कामाला लागलो.

खरं सांगायचं तर मला मजाच वाटू लागली होती. पन्नासपर्यंत गाडी गाईसारखी गरीब. साठला स्टिअरिंगमध्ये हलकी शिरशिरी. सत्तरला थेट भजनातली टाळकरी. असं ठरावीक वेगालाच का? भल्या सकाळी बायकोला शेजारी बसवून मी ईस्टर्न एक्स्प्रेसवर कांजूरमार्गपर्यंत चक्कर मारली. तिचा एक हात डॅशबोर्डवर, एक सीटवर.

"आता?"

"काही नाही."

"आता?"

"अहो समोर बघा! आली, आली. पण सीट गप्प आहे हं. फक्त पुढेच."

सीट गप्प, स्टिअरिंग बोलतंय, म्हणजे दुखणं पुढच्या चाकांकडे. ब्रेक दाबला तरी थरथर वाढत नव्हती, म्हणजे ब्रेकचा दोष नसावा. खड्ड्यात खडखड नव्हती. हात सैल सोडले तर गाडी एका बाजूला ओढत नव्हती. इतकं पद्धतशीर मी दहावीतही वागलो नव्हतो.

मग गॅरेज. तिथल्या माणसाने गाडी जॅकवर चढवली, पुढची चाकं वर-खाली धरून हलवली, मग आडवी धरून हलवली. सांधे झिजले असते तर चाक हातात डुललं असतं. एकही डुललं नाही. "सस्पेन्शन टाइट आहे साहेब. स्टिअरिंगचे जोड पण ओके. आता चाकंच बघावी लागतील. सोमवारी आणा, आज दिवाळीची गर्दी आहे."

सोमवारपर्यंत कोण थांबतंय? रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात मी उकिडवा बसलो. बेत असा, की पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे लावायचं. थरथर सीटमध्ये गेली तर चोर चाकातच. बायको चहा घेऊन खाली आली आणि उभी राहिली. मी ज्या ज्या कामात हमखास घोळ घालतो, तिथे ती अशीच चहा घेऊन उभी असते.

"हे काय हो?" तिने मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. रिमच्या कडेला बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा एक राखाडी तुकडा चिमट्याने बसवलेला होता. "इथे आहे, तर पुढच्या चाकाला का नाही?"

मी पुढचं चाक पाहिलं. रिम लख्ख. तुकडा नव्हता, त्याच्या जागी फक्त एक ताजा ओरखडा. दुसऱ्या बाजूचं चाक पाहिलं. तेही लख्ख, तिथेही ओरखडा.

हत्यारांची पिशवी उघडली, तर वरच स्क्रूड्रायव्हर. त्याच्या मुठीवर हळदीकुंकू वाळलेलं.

आणि मला दसऱ्याची आदली संध्याकाळ आठवली. पूजेसाठी गाडी धुताना रिमवर काहीतरी घाण घट्ट चिकटलीय असं समजून मी हाच स्क्रूड्रायव्हर घालून ती उचकटून काढली होती. चाक फिरताना सगळीकडून सारखं वजनदार राहावं म्हणून बसवलेली वजनं होती ती. कंबर दुखायला लागली म्हणून, आणि हार पुढेच घालतात, मागची चाकं कोण बघतंय म्हणून, तेवढी वाचली. दुसऱ्या दिवशी मी तोच स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून त्याला कुंकू लावलं, आपट्याचं पान वाहिलं आणि नमस्कारही केला.

टायरच्या दुकानात पोराने चाक मशीनवर फिरवलं, नवी वजनं ठोकली आणि विचारलं, "आधीची कोणी काढली, काका?" मी दुकानाच्या छताकडे बघू लागलो. बायको माझ्याकडे.

संध्याकाळी सासूबाईंना दिंडोशीहून घेतलं. हायवेला काटा सत्तरवर गेला. स्टिअरिंग गप्प. सासूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

घरी आल्यावर त्यांना पलंगावर नीट बसवलं, आणि मी जरा ऐटीत विचारलं, "बघितलंस? आणलं की नाही आईला?"

"आणलंत," बायको म्हणाली. "आता पंखे पुसायचे राहिलेत. स्टूल घ्या, फडकं घ्या. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे द्या."