मोटरचा फोन

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला त्यातली समजू नका. माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक पंचगंगेत सोडले, आणि त्यांच्याबरोबर भुतंखेतं, अंगात येणं, भानामती हे सगळंच सोडलं. लहानपणी मी स्मशानाच्या वाटेनं शेण गोळा करत फिरलेली आहे. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी तोंडावर हसते. पण मागं इथंच एका बाईंनी बंद पडलेल्या घड्याळाची हकीकत लिहिली, आणि खाली प्रतिक्रियांत लोकांनी त्यांची फार चेष्टा केली... मला ते बरं वाटलं नाही. म्हटलं, आपलंही सांगावं. चेष्टा करायची तर करा, एरवी मी तुमच्याच बाजूची आहे.

आमचं गाव शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, नदीकाठी. दीड एकर ऊस, दोन म्हशी. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचन आलं ते वडिलांमुळं. ते पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर होते, मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि मोटरींवरच्या पाट्या वाचत बसायची. ‘धोका’ हा मी स्वतःचा स्वतः वाचलेला पहिला शब्द.

वडिलांचा एक नियम होता. मोटरपाशी किंवा तिच्या पाइपापाशी काहीही करायचं असेल, तर आधी फ्यूज काढायचा आणि खिशात घालायचा. बाजूला ठेवायचा नाही, खिळ्याला अडकवायचा नाही — खिशात. म्हणजे दुसरा कुणी येऊन तो बसवूच शकत नाही. लग्न होऊन आले तशी मी हा नियम मालकांनाही लावून दिला. (मालक म्हणजे आमचे हे. आमच्याकडं असंच म्हणतात, मालकी कुणाची ते सोडा.) नदीत पाइपाच्या तोंडाला जाळीचा फुटव्हॉल असतो, त्याला केंदाळ, म्हणजे जलपर्णी, अडकतं. ते काढायला मालक पाण्यात उतरले, की मी काठावरून विचारायची, “फ्यूज खिशात हाय न्हवं?” आणि ते नाडीच्या चड्डीच्या खिशावर थाप मारून दाखवायचे. तीस वर्षं हे चाललं. आमच्यातलं प्रेम म्हणा, काय म्हणा, ते एवढंच.

आता पेटीचं सांगते.

दोन हजार सात-आठचा सुमार. लोडशेडिंग तुम्हाला आठवत असेल. शेतीची लाईट कधी पहाटे, कधी भरदुपारी, आणि माणसं नुसती तिची वाट बघत काठावर बसलेली. आमची सून प्रज्ञा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, शिरोलीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला. तिनं आणि तिथल्या दोघांनी मिळून एक पेटी केली. आत मोबाईलचं सिमकार्ड, एक चिप, एक लहान बॅटरी. ही पेटी मोटरच्या स्टार्टरला जोडायची. लाईट आली की पेटी स्वतः तुम्हाला फोन करणार. तुम्ही एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. पाणी तुटलं तर मोटर आपोआप बंद करून तेही सांगणार. आज तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण चंद्रावर माणूस गेला तेव्हाही मला एवढं नवल वाटलं नव्हतं, कारण चंद्रावर आमचा ऊस नव्हता.

पेटीत बोलायला आवाज पाहिजे होता. प्रज्ञा म्हणाली, “आत्ती, तुमचाच घालूया. तुमी बांधावरनं हाक मारली की पार हायवेला ऐकू येतंय.” वर्कशॉपमध्ये पंखा बंद करून मला खुर्चीवर बसवलं आणि चार वाक्यं बोलून घेतली. लाईट आली. मोटर चालू झाली. मोटर बंद झाली. पाणी तुटलं. चिपमध्ये चारच मावत होती. मालकांनी पहिला फोन घेतला आणि मोबाईल कानापासून लांब धरून म्हणाले, “घरात हिचंच ऐकायचं, आता रानातबी हिचंच.”

त्या पेटीनं आमचं जगणं बदललं, हे मी कुठल्याही स्टेजवर उभी राहून सांगेन. मालक कागलला भाच्याच्या लग्नात जेवायला बसले होते, पंगतीतून एक दाबलं आणि इकडं उसाला पाणी सुरू! शेजारचा माणूस हातातला घास तसाच धरून बघत राहिला म्हणे. आमची जाऊबाई विधवा. मोटर चालू करायला तिला रोज दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागायचं. पेटी बसवल्यावर ती उंबऱ्यावर बसून मोटर चालवायला लागली आणि तिची मानच वेगळी दिसायला लागली. प्रज्ञा सांगायची, “आत्ती, पुढं सगळ्या वस्तू एकमेकींशी बोलणार. टाकी मोटरला सांगणार, मोटर आपल्याला.” मी म्हटलं, म्हणजे नळावरच्या बायकांसारखंच की.

एक गोष्ट मात्र बिघडली. मालकांनी फ्यूज काढायचं सोडलं. मी विचारलं की म्हणायचे, लाईट आली की पेटी फोन करतीया, मग मी वर येतो, मग एक दाबतो, फ्यूज कशाला? आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. माझाच आवाज सांगणार होता ना... मी विचारायचीच बंद झाले.

त्या दिवसाचं आता नीट सांगते. दिवाळी होऊन गेली होती. आदल्या संध्याकाळी प्रज्ञा कामावरून येताना मोटरशेडकडं वळली. पेटीची बॅटरी फुगलेली दिसली म्हणून ती काढून घरी आणली आणि ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी ठेवली. सकाळी निघताना मला म्हणाली, “नवी बॅटरी संध्याकाळी आणतो. मामांना सांगा, तवर पेटी मुकी हाय. लाईट आली तरी फोन वेळंवर यायचा न्हाय.” मालकांना सांगते, म्हणाले. तेवढ्यात धाकट्या म्हशीनं दाव्याला हिसडा देऊन वैरणीची पाटी उलथली, मी तिकडं धावले... आणि विसरले. मालक निघून गेले.

आणखी एक होतं, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. एक दाबायचाही कंटाळा म्हणून मालकांनी आदल्या दिवशीच पेटीचं बटण ऑटोवर टाकलं होतं, आणि मग ते स्वतःच विसरले होते. म्हणजे लाईट आली की मोटर आपली आपण फिरणार, पेटीत बॅटरी असो नसो.

लाईट बारा वाजता यायची होती. अकरा वाजून गेल्यावर मी भाकरी करायला बसले. तिसरी की चौथी भाकरी थापत होते. पिठाला हात घातला आणि शेजारची बॅटरी दिसली. माझे हातच थांबले. तशाच पिठाच्या हातानं घरच्या फोनवरून मालकांना लावला. पलीकडून कंपनीची ती रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी रिसिव्हर टाकला आणि पायात काही न घालता नदीकडं निघाले. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, उसाच्या सरीतून पळत होते. पळताना एवढंच डोक्यात — सांगायचं काम माझं होतं.

अर्ध्या वाटेत मालक समोरून आले. ओले, छातीला केंदाळ चिकटलेलं, एका हातात मोबाईल आणि एका हातात फ्यूज. चेहरा पांढरा पडला होता, पण बोलणं नेहमीसारखंच.

“काय गं, सुनेच्या पेटीत जाऊन बसलीयास व्हय?”

मी नुसता त्यांचा दंड धरला.

त्यांनी सांगितलं ते असं. ते कमरेएवढ्या पाण्यात होते, एक हात लोखंडी पाइपाला गुंडाळून दुसऱ्यानं केंदाळ ओढत होते. शर्ट शेडमध्ये खिळ्याला, मोबाईल शर्टात. तो वाजायला लागला. लाईट आली असेल, पेटीचा फोन, म्हणून ते शिव्या देत वर चढले. स्क्रीनवर ‘मोटर’ असंच नाव. कानाला लावला, तर माझा आवाज. पण लाईट आली असं नाही. आवाज म्हणाला —

“फ्यूज खिशात हाय न्हवं?”

मालकांचा हात सवयीनं खिशावर गेला. खिसा रिकामा. ते हॅलो हॅलो करत राहिले, पलीकडून नुसती खरखर. पुन्हा पाण्यात उतरायला निघाले खरे, पण मनाला बरं वाटेना, म्हणून आधी फ्यूज काढायला स्टार्टरकडं वळले. हात पोचायच्या आत शेडमधला बल्ब लागला आणि मोटर घरघरली; ती बंद करून फ्यूज काढला तो मग. बाराला येणारी लाईट वीस मिनिटं आधीच आली होती.

दुपारी वायरमन आला. त्यानं मोटर सुरू करून टेस्टर पाइपाला लावला आणि टेस्टरचा दिवा लख्ख पेटला. केबल घासून घासून उघडी पडली होती, मोटर सुरू झाली की सगळ्या पाइपात करंट. मालक ज्या पाइपाला मिठी मारून उभे होते त्यात. वायरमननं खाली बसून तंबाखू मळली, आणि मळतच राहिला.

आता तुम्ही विचाराल ते सगळं आम्हीही विचारलं. प्रज्ञानं पेटी घरी आणून दोन रविवार जमिनीवर पसरली होती. चिपमध्ये चारच वाक्यं, पाचव्याला जागाच नाही. लाईट नव्हती आणि बॅटरी माझ्या ओट्यावर, म्हणजे पेटीत जीवच नव्हता. मालकांच्या मोबाईलमध्ये आलेल्या फोनच्या यादीत मात्र ‘मोटर’, अकरा वाजून सदतीस मिनिटं. मी घरून लावलेलाच फोन त्यांना लागला असेल म्हणावं, तर नंबर घरचा दिसला असता. शिवाय मी लावला तेव्हा ते आधीच कुणाशी तरी बोलत होते, आणि मी त्या बाईला एक अक्षरही बोलले नव्हते. गावात कुणी म्हणालं, नदीवर नारळ सोडा. प्रज्ञानं सरळ सांगितलं, “कळलं न्हाय म्हणजे भूत न्हाय. कळलं न्हाय म्हणजे कळलं न्हाय.” मला सुनेचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पण तिनं एक केलं. पुढच्या पेट्यांत मोठी चिप घेतली आणि पाचवं वाक्य घातलं. मी पुन्हा त्याच खुर्चीवर बसले, पंखा बंद केला आणि म्हणाले, फ्यूज खिशात हाय न्हवं? पाण्यात उतरण्याआधी पेटीला फोन लावायचा, तिनं हे विचारायचं, आणि तुम्ही एक दाबल्याशिवाय तिनं मोटर चालू करायची नाही. ऑटोचं बटणच काढून टाकलं. आजूबाजूच्या गावांत अशा कितीतरी पेट्या गेल्या. मी न बघितलेली माणसं माझ्या आवाजानं खिसे चाचपतात, ह्याचं मला अजून कौतुक वाटतं.

पहिली नवी पेटी आमच्याच मोटरला लागली. मालकांनी फोन लावला, ऐकलं, पुन्हा लावून ऐकलं, आणि मान हलवली.

मी विचारलं, “काय? तसाच हाय न्हवं?”

“आवाज तुझाच हाय,” ते म्हणाले. “पर त्या दिवशी मागं भाकरी थापल्याचा आवाज येत हुता. ह्यात त्यो न्हाय.”

भाकरीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. त्या दिवशी ओट्याशी बसून मी मनाशी काही पुटपुटले होते का, ते मला आजही आठवत नाही. खूप आठवून बघितलं.

मालक आता पंचाहत्तरीचे आहेत, तरी केंदाळ काढायला दुसऱ्याला उतरू देत नाहीत. पेटी विचारते, आणि मीही काठावर जाऊन विचारते. दोघींनाही ते एकदमच उत्तर देतात... खिशावर थाप मारून.