गल्लीचा विस्तव

आज सकाळी गॅस संपला. मी चिडले, तर नव्वदी ओलांडलेली आई हसली. तिने सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

पन्नासच्या दशकातलं जुन्नर. काडेपेटी जपून वापरायची. आई रात्री निखारे राखेखाली पुरून ठेवायची आणि सकाळी सारी गल्ली तिच्या चुलीतून गोवरीवर विस्तव न्यायची.

एकदा वडील म्हणाले, "तुला काय काम हाये? घरी बसूनच तर असतीस."

त्या दिवशी आईने निखारे पुरलेच नाहीत.

सकाळी शेजारच्या हमीदाभाभी गोवरी घेऊन दारात. "चूल गार कशी गं आज?"

"हे म्हणले, मी बसूनच असते. म्हणून बसले."

गल्लीभर चहा अडला. बायका वडिलांकडेच बघत होत्या.

संध्याकाळी निखारे वडिलांनी पुरले, आईला विचारत विचारत.

तुमच्या गल्लीचा विस्तव कोण राखायचं?